शेवटचा निकाल गोचीड देतो

पशुवैद्यकाची पदवी घेऊन गोचीडविरोधी लसीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा डोळ्यांसमोर आमच्या नगर जिल्ह्यातले संकरित गायींचे गोठे होते. कासेला, कानाच्या आत चिकटलेले गोचीड, गोचिडतापाने खंगलेली दुभती गाय आणि डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या फवारणीला दाद न देणारी गोचिडांची नवी पिढी.

लस करता येते, हे आधीच सिद्ध झालं होतं. ऑस्ट्रेलियात पीटर विलाडसेन यांच्या गटाने गोचिडाच्या आतड्यातलं बीएम-८६ हे प्रथिन शोधलं. त्यावरची लस १९९४ साली तिथल्या बाजारात आली, क्युबातही तशीच लस निघाली. टोचलेल्या गायीचं रक्त प्यालं की त्यातली प्रतिपिंडं गोचिडाच्या आतड्यालाच इजा करतात. पण सगळीकडच्या गोचिडांवर तिचा परिणाम सारखा होत नाही. म्हणून नवी प्रथिनं तपासायची. आमच्या हाती सबोलेसिन हे प्रथिन होतं. ते गोचिडांच्या अनेक जातींत असतं, हाच त्याचा मोठा आधार.

ई. कोलाय जिवाणूत प्रथिन बनवणं, शुद्ध करणं ही कामं हळूहळू हातात बसली. खरी कसोटी गोठ्यात होती. कधीच गोचीड न चावलेली वासरं निवडायची. काहींना प्रथिन, काहींना नुसतं सहायक द्रव्य टोचायचं. मग कातडीवर चिकटवलेल्या कापडी पिशवीत गोचिडांची पिल्लं सोडायची. पन्नास मिलिग्रॅम अंड्यांतून हजारभर पिल्लं निघतात, म्हणून अंडी तोलूनच घ्यायची. साधारण तीन आठवड्यांनी रक्त पिऊन टरारलेल्या माद्या गळू लागतात. त्या रोज सकाळी वेचायच्या, तोलायच्या, कापसाचा बोळा लावलेल्या बाटलीत ठेवायच्या. पुढे अंड्यांचं वजन, त्यातली किती फुटली याची नोंद.

एलायझा या रक्तचाचणीत एका वासराची प्रतिपिंडं भरघोस दिसली. सगळे खूश होतो. त्याच्याच अंगावरून मात्र माद्या भरल्या पोटाने गळल्या. दुसऱ्या एका वासराची प्रतिपिंडं बेताची होती, पण त्याच्या माद्यांची अंडी कमी भरली आणि फुटलीही कमी. तेव्हापासून नुसत्या प्रतिपिंडांच्या आकड्यावर कुणी प्रथिनाची स्तुती केली की मी आधी अंड्यांचं वजन विचारतो. तराजूवरचं हे किचकट काम मला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

सुट्टीत गावी गेल्यावर शेजारचे आबा म्हणाले, "डॉक्टर, सुई टोचली की गोचीड पटापटा गळतील ना?"

"नाही आबा. अंगावरचे लगेच मरणार नाहीत. पुढच्या खेपेला कमी येतील."

"मग फवारणी बंद?"

"कमी होईल. बंद नाही. आणि सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागेल, कारण सुईतलं प्रथिन गोचिडाच्या शरीरात आतच असतं. चावताना ते गायीच्या अंगात जात नाही, त्यामुळे नुसत्या चाव्याने सुईची ताकद टिकत नाही."

आबांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "वर्षातून किती वेळा?"

त्याच प्रश्नासाठी पुढच्या तुकडीची वासरं आम्ही जास्त काळ ठेवणार आहोत.