पहिला क्रमांक कोणाचा? आधी आजीला विचारा

घरातील वडीलधाऱ्यांची काळजी वाहणाऱ्या वाचकहो, आणि स्वतः सत्तरी-ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या ज्येष्ठ वाचकहो, आज गोळ्या-औषधांचा विषय थोडा बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते कार्टूनच्या चित्रपटांविषयी, आणि त्यांतला सर्वांत चांगला कोणता या वादाविषयी. आरोग्याच्या पाक्षिकात हा पोरखेळ कशाला, असे आपल्याला वाटेल. पण परभणी जिल्ह्यातील माणसांच्या नाडीवर इतकी वर्षे हात ठेवल्यावर माझी एक खात्री झाली आहे. म्हातारपणी रक्तदाब आणि साखर जशी जपावी लागते, तसेच स्वतःचे मतही जपावे लागते.

दवाखान्यातला नित्याचा अनुभव सांगते. पंचाहत्तरीचे गृहस्थ समोर बसलेले असतात. मी विचारते, “काका, झोप कशी लागते?” उत्तर मुलगा देतो. “जेवण जाते का?” उत्तर सून देते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो, उलट काळजीच असते. परंतु काही महिन्यांनी असे होते की, मी प्रश्न विचारला की काका आधी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतात. भाजी कोणती, पंखा किती, कोणत्या लग्नाला जायचे, हे सारे दुसरे ठरवतात. हळूहळू “तुम्हाला काय वाटते?” हा प्रश्नच घरातून नाहीसा होतो. मग माणूस बोलायचा कमी होतो, आणि आपण म्हणतो, “वयामुळे शांत झाले आहेत.”

ही शांतता नेहमीच निरुपद्रवी नसते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, परंतु टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान ही नावे आपल्या परिचयाची आहेत. त्याच यादीत कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि माणसांपासून तुटून एकटे पडणे हीही कारणे आहेत. भरल्या घरातसुद्धा माणूस एकटा पडू शकतो, हे मी निराळे सांगायला नको.

आता कार्टूनकडे येते. आपल्याकडचा मे महिना आपण जाणताच. पारा ४२-४३ अंशांवर गेला की सकाळी ११ नंतर म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पडू नये, हे मीच सर्वांना बजावते. सुट्टीला आलेली नातवंडेही घरातच कोंडलेली असतात. एका खोलीत दोन पिढ्या, एक कूलर आणि एक टीव्ही. अशाच एका सुट्टीत आमच्या घरी मुलांनी टूम काढली, की रोज दुपारी एक अॅनिमेशनपट पाहायचा आणि शेवटी क्रमांक लावायचे. मी एकच अट घातली : आजीचे मत सर्वांत आधी, आणि कारणासह.

सासूबाईंचे वय ८१. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “हे इंग्रजांचे खूळ मला कशाला?” त्यावर त्यांच्या मुलाने त्यांना सांगितले, की दादासाहेब फाळके यांनी १९१५ सालीच आगपेटीच्या काड्या नाचवून ‘अगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला होता, आणि पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला होता. म्हणजे हे खूळ त्यांच्या जन्माच्याही आधीपासून आपल्या मातीत आहे! एवढे ऐकून त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या.

पहिला मान अर्थातच ‘हनुमान’ला मिळाला. व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००५ सालचा. लांबी सुमारे दीड तास, कथा ओळखीची, भाषा हिंदी. ज्येष्ठांसोबत आरंभ करायला याहून सोपा चित्रपट नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने एखादे वाक्य ऐकू आले नाही तरी धागा तुटत नाही.

दुसरे ‘रामायण’, जपानच्या युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांच्या सहकार्याने १९९२ साली पूर्ण केलेले. जानेवारी २०२५ मध्ये ते आपल्याकडच्या चित्रपटगृहांत पुन्हा आले. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला आवाज होता अरुण गोविल यांचा. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. आम्हाला वाटले, झोपल्या. तर म्हणाल्या, “झोपले नाही. हा आवाज ऐकताना रविवारची सकाळ आठवते.” दूरदर्शनवरील मालिकेच्या वेळी सगळी गल्ली एका घरात कशी जमायची, हे त्यांनी मुलांना अर्धा तास सांगितले. आमच्या यजमानांचा पहिला क्रमांक याच चित्रपटाला.

बारा वर्षांच्या भाच्याचा कौल ‘कोको’ला (२०१७). मेक्सिकोतील एक मुलगा मृतांच्या जगात जाऊन येतो, अशी ती गोष्ट. वर्षातून एकदा पूर्वजांच्या तसबिरी मांडायच्या, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवायचे, ही तिथली रीत पाहून सासूबाई चटकन म्हणाल्या, “हा तर आपला पितृपंधरवडाच!” या चित्रपटात सारे काही विसरलेली एक पणजी आहे. पणतू तिला तिच्या वडिलांचे जुने गाणे म्हणून दाखवतो आणि तिला वडील आठवतात. आमच्या घरी या प्रसंगाला सर्वांचे डोळे ओले झाले.

इथे मात्र माझ्यातील डॉक्टरने हरकत घेतली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात गाण्यांची ओळख पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते, हे खरे. नाव विसरलेली आजी अभंगाची पुढची ओळ म्हणते, असे मीही पाहिले आहे. परंतु गाण्याने आजार परतत नाही. चित्रपट पाहून एखाद्या लेकीने जुनी गाणी लावली आणि आईने तरीही ओळखले नाही, तर त्या लेकीला आपण कमी पडलो असे वाटू नये. गाणे लावावे ते आईच्या चेहऱ्यावरील त्या क्षणाच्या समाधानासाठी. परीक्षा घेण्यासाठी लावू नये. म्हणून माझ्या यादीत ‘कोको’ दुसरा.

माझा पहिला क्रमांक ‘फाइंडिंग निमो’ला (२००३). आपण म्हणाल, माशांच्या गोष्टीत म्हाताऱ्या माणसांचे काय? सांगते. निमोची आई गेलेली असते आणि त्याचा एक पर जन्मतः लहान असतो. बाप त्याला इतका जपतो, की पोराला श्वास घेणे कठीण व्हावे. हरवलेल्या निमोच्या शोधात या बापाला डोरी नावाची मासोळी भेटते. तिला घडीपूर्वीचेही आठवत नाही. बाप तिच्यावर चिडतो, तिला टाळतो. पण पत्ता सापडतो तो तिच्यामुळे, धीर मिळतो तो तिच्याकडून. आणि मुलाला काहीच होऊ नये असा हट्ट धरला, तर त्याच्या आयुष्यात काहीच घडणार नाही, हे त्या बापाला समजावते तीच विसरभोळी डोरी.

काळजीवाहू वाचकहो, हा चित्रपट माझ्या मते आपल्यासाठी आहे. पडतील म्हणून अंगणात जाऊ द्यायचे नाही, भाजेल म्हणून चहा करू द्यायचा नाही, चुकेल म्हणून पैशाला हात लावू द्यायचा नाही. जपता जपता आपण कधी जखडू लागतो, ते कळत नाही. अंगणाच्या पायरीला कठडा बसवणे म्हणजे जपणे. अंगणच बंद करणे म्हणजे जखडणे.

मला वाटले, माझा युक्तिवाद बिनतोड आहे. सासूबाईंनी तो शांतपणे ऐकला आणि आपला पहिला क्रमांक ‘अप’ला (२००९) दिला. ‘हनुमान’ किंवा ‘रामायण’ म्हणतील, अशी आम्हा सर्वांची अटकळ होती. ‘अप’चा नायक कार्ल हा ७८ वर्षांचा विधुर आहे. पहिल्या काही मिनिटांत त्याचा सारा संसार जवळजवळ एकाही संवादाविना उलगडतो : लग्न, मूल न होण्याचे दुःख, प्रवासासाठी साठवलेले आणि पुन्हा पुन्हा खर्ची पडलेले पैसे, आणि पत्नीचे जाणे. पुढे इंग्रजी संवाद आले, तेव्हा भाचा आजीला मराठीतून सांगू लागला. एरवी आजी गोष्ट सांगते आणि नातू ऐकतो. त्या दुपारी हे उलटे झाले.

सासूबाईंना कारण विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याला वृद्धाश्रमात न्यायला माणसे दारात येतात, आणि तो फुगे बांधून अख्खे घरच घेऊन निघतो. म्हाताऱ्याने काय करायचे, हे म्हाताऱ्यानेच ठरवले, असा हा एकच सिनेमा तुम्ही दाखवलात.” भाचा म्हणाला, “पण आजी, शेवटी तो ते घर सोडून देतो ना!” त्या म्हणाल्या, “सोडतो. पण स्वतः सोडतो. कुणी सोडवून घेत नाही.”

वाद तिथेच संपला नाही. तीन दिवस चालला. त्या तीन दिवसांत त्यांनी मला दोनदा स्वतःहून हाक मारून माझ्या ‘निमो’तील उणिवा सांगितल्या. वैद्यकीय भाषेत याला उपचार म्हणता येणार नाही. पण त्यांच्या प्रकृतीविषयी त्या तीन दिवसांत मला जेवढे कळले, तेवढे रक्तदाब मोजून कळले नसते.

आपल्या घरी हा प्रयोग करायचा असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

ऐकणे : वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज कमी होतात. त्यामुळे ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी तक्रार असते. केवळ आवाज वाढवून उपयोग होत नाही. आसन टीव्हीजवळ घ्यावे, कूलरची घरघर कमी करावी, श्रवणयंत्र असेल तर ते लावलेले असावे. कानात मळ साठला आहे का, हे एकदा डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

पाहणे : खोलीत मिट्ट काळोख करू नये. मंद दिवा असू द्यावा. मोतीबिंदू असल्यास काळोखातला झगझगीत पडदा त्रास देतो, आणि अंधारात उठताना पडण्याची भीती असते.

बसणे : दर अर्ध्या तासाने चित्रपट थांबवावा. लघवीला जाणे, चार पावले चालणे, पाणी पिणे व्हावे. बराच वेळ बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. आधी पाय हलवावेत, मग आधार धरून उठावे. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण चित्रपटासाठी पुढे ढकलू नये.

निवड : ज्यांना फार वेळ लक्ष लागत नाही, त्यांच्यासाठी विजया मुळे यांचा १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ हा अवघ्या सात मिनिटांचा लघुपट घ्यावा. दूरदर्शनच्या काळातील तो बहुतेकांच्या ओळखीचा आहे. घरात तान्हे नातवंड असेल, तर त्याला या बैठकीपासून दूर ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे ते थांबणे. “पहिला क्रमांक कोणाला?” असे विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. वाढत्या वयात विचार आणि शब्द यांची गाठ पडायला थोडा अधिक वेळ लागतो. आपण तिसऱ्या आकड्यालाच “आजीला हनुमान आवडला असेल” म्हणून मोकळे होतो, आणि उत्तर ओठांवरच विरून जाते. उत्तर आले, की “का?” असे विचारावे. पटले नाही, तर मान राखून वाद घालावा. केवळ वयाकडे पाहून होकार देणे हासुद्धा एक प्रकारे त्या मताला मोडीत काढणेच आहे.

ज्येष्ठ वाचकहो, आपल्यालाही एक विनंती. “मला काय कळते त्यातले?” हे वाक्य काही दिवस उच्चारू नका. एक वही घ्या, पाहिलेल्या चित्रपटांची नावे लिहा, आपले क्रमांक द्या आणि पुढे एका ओळीत कारण लिहा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने देण्याआधी आपण द्या. कार्टूनच्या वादात आवाज मोकळा झालेला असेल, तर तिथेही तो फुटेल.