डिझेल कुठं गेलं?

डिझेलचोर ठरवून माझ्या पगारातून पैसे कापले गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मालक आणि मी अजून एकाच मशीनशी बांधलेले आहोत. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढलं. माझ्या आईला अकोल्याला न्यायचं होतं तेव्हा रात्री दोनला त्यांनीच गाडी काढली. तरी पगाराच्या दिवशी ते वही उघडतात तेव्हा आजही माझं डोकं सणकतं.

मी उंद्रीचा. चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव, सांगायला नको. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं, नोकरी लागली नाही, जेसीबीवर बसलो. २०१८च्या उन्हाळ्यात भारतीय जैन संघटनेच्या पुढाकारानं आमच्या जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ काढायचं काम निघालं. त्या धुरळ्यात गावोगावी पिवळ्या मशीन दिसायला लागल्या आणि ज्याच्याकडं चार पैसे होते त्याला वाटलं आपणही एक घ्यावी. आमच्या मालकांनी जुनी घेतली, किर्लोस्करचं इंजिन असलेली, ७६ हॉर्सपॉवरची. हप्ता मालकांचा, घाम माझा.

आमचं काम दोन जातीचं. दिवसभर शेततळं नाहीतर नाला, खाली काळी माती आणि तिच्याखाली मुरूम. ते संपलं की मशीन स्वतःच्या चाकांवर दुसऱ्या गावाला. आज अमडापूर, उद्या मेहकरकडं, कधी घाटाखाली. ट्रेलरवर घालून न्यायचं तर दिवसाची कमाई भाड्यात जाते. म्हणजे मशीननं मुरूमही फोडायचा आणि रस्त्यावरही पळायचं. पुढचं सगळं रामायण याच एका गोष्टीमुळं झालं.

आधी जुना कन्व्हर्टर गेला. रस्त्यावर मशीन बरी चालायची, पण ढिगाला तोंड लावलं की इंजिन दबायचं, चाकं हलायची नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मशीनला ट्रॅक्टरसारखा क्लच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलानं भरलेला एक लोखंडी डबा असतो, तो टॉर्क कन्व्हर्टर. त्यात पात्यांची तीन चक्रं. पहिलं इंजिनाबरोबर फिरतं आणि तेल फेकतं, दुसरं त्या तेलाच्या धक्क्यानं फिरून गिअरबॉक्सला जोर देतं, आणि मधलं, ज्याला स्टेटर म्हणतात, ते परत येणारं तेल वळवून पहिल्या चक्राच्या मदतीला लावतं. त्या वळवण्यामुळंच चाकं अडकलेली असताना इंजिनाचा पीळ अडीचपट, कुठं तीनपटीच्या आसपास वाढतो. ही युक्ती हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरची, १९०५ची, आणि ती त्यानं जहाजांसाठी काढली होती. आमच्या मशीनमधल्या स्टेटरचा एकदिशा क्लच झिजून दोन्हीकडं मोकळा फिरायला लागला होता. तेल वळेना, पीळ वाढेना.

नवा कन्व्हर्टर घ्यायची मालकांची ऐपत नव्हती. मिस्त्री म्हणाला, रिकंडिशन मिळतो. म्हणून एका मोठ्या शहरातल्या जुन्या पार्टच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं तीन कन्व्हर्टर खाली काढले. तिन्ही काळ्या रंगात न्हालेले, रंग इतका ताजा की बोटाला लागत होता. मी एक उलटा करून पाहिला. जिथं नंबर ठोकलेला असतो तिथं ग्राइंडर फिरवलेलं होतं, वरून रंग मारलेला, पण ग्राइंडरचे आडवे ओरखडे रंगाखालूनही नखाला लागत होते. मी विचारलं, "नंबर का घासला, दादा?"

"अहो, नंबर घेऊन काय चाटायचाय? बोल्ट बसतात का बघा. सगळे सारखेच असतात."

मिस्त्रीनं टेप लावला. व्यास तोच, बोल्टची भोकं तीच, पंपात शिरणारा गळा तोच. मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुढं बोलायची सोय नव्हती. बिल कच्चं. पक्कं मागितलं की भाव वाढतो, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

मशीन जोडली आणि पहिल्याच दिवशी मी खूश. खोटं कशाला बोलू? मुरुमाच्या ढिगात बकेट घातलं की इंजिन दबायचंच नाही. ते वरच्या आरपीएमवर गुरगुरत राहायचं, आणि हायड्रोलिकचा पंप त्याच इंजिनावर चालत असल्यानं बकेट उचलायचंही पटकन. एकीकडं ढकलतोय, एकीकडं उचलतोय, दोन्ही एकदम. जुना कन्व्हर्टर धड होता तेव्हाही मशीन एवढी हलकी नव्हती. शेतकरी म्हणायचे, याच्या हाताला गुण आहे.

मग रस्ता आला. अमडापूरहून परत येताना ट्रान्समिशनच्या तापमानाचा दिवा लागला. बाजूला घेतली, थंड केली, निघालो, परत लागला. चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय आणि मशीन मात्र रेंगाळतेय. चढ लागला की विचारूच नका. घाटाखालच्या कामावरून वर येताना तर मी थांबत-थांबत आलो, मागून ट्रकवाले आईबहिणीचा उद्धार करत गेले.

आणि डिझेल. मालकांचा हिशोब साधा, मीटरचे तास आणि टाकलेले लिटर. तो हिशोब फुगायला लागला. पहिल्यांदा ते हसून म्हणाले, "टाकी गळते का रे?" मग हसणं गेलं. एका संध्याकाळी त्यांनी टाकीला कुलूप लावलं. माझ्यासमोर लावलं, चावी खिशात टाकली आणि माझ्याशी पावसावर बोलायला लागले. नंतर तुऱ्हाटी आली. वाळक्या तुरीची सरळ काडी, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खुणा. रोज रात्री मोबाइलच्या उजेडात मालक ती टाकीत घालायचे, ओली खूण अंगठ्यानं धरायचे आणि वहीत लिहायचे. मी शेजारी उभा. काडी पुसून ते ती सीटमागं खोचून ठेवायचे, म्हणजे दिवसभर ती माझ्या पाठीला.

मिस्त्रीकडं गेलो. त्यानं कूलर धुतला, फिल्टर बदलला, तेल बदललं. फरक शून्य. मग तो मालकांना म्हणाला, माझ्या देखत म्हणाला, "कन्व्हर्टर एकदम ओके आहे. ढिगात बघा ना कसा ओढते. पोरगं रस्त्यावर चुकीच्या गिअरात दाबते, म्हून तापते. अन् डिझेलचं तं तुमाले माहीतच हाय, ऑपरेटर लोक कसे असतात."

ऑपरेटर लोक कसे असतात. काही असतात, नाकारत नाही. रात्री पाइप टाकून कॅन भरणारे मी पाहिलेत. पण एका माणसानं आपला धंदा वाचवायला दुसऱ्याच्या अब्रूवर बोट ठेवायचं, आणि ऐकणाऱ्यालाही ते सोयीचं वाटायचं! मालकांना चोर हवा होता, कारण चोर सापडला की खर्च वसूल होतो. चुकीचा पार्ट सापडला तर नवा खर्च निघतो. महिनाअखेर वहीत रेघ मारली गेली आणि पगार कमी हातात आला. घरी बायकोनं विचारलं, मी म्हणालो उचल कापली. गावात कोणीतरी ते आधीच पसरवलं होतं. पानटपरीवर एक जण म्हणाला, "काय भाऊ, डिझेल काय भावानं देतू?" सगळे हसले, मीही हसलो.

काम सोडायचं मनात होतं. मेहकरला समृद्धी महामार्गाच्या कामावर ऑपरेटर हवे होते. पण त्या वेळी गेलो असतो तर गावानं म्हटलं असतं, बघा, पकडला गेला म्हणून पळाला.

सुटका झाली ती जलसंपदा खात्याच्या यांत्रिकी विभागातून निवृत्त झालेल्या एका काकांमुळं. सारी हयात त्यांची डोझर आणि स्क्रॅपरवर गेलेली. ते कोणाच्या तरी शेततळ्यावर बसले होते. माझी कहाणी त्यांनी पुरती ऐकलीही नाही. "स्टॉल टेस्ट केली का?"

आम्ही कोणी केली नव्हती. मिस्त्रीनं तर नावच पहिल्यांदा ऐकलं. काकांनी मशीन आधी तासभर चालवून तेल गरम करवलं. चाकांना पुढं-मागं दगड लावले, समोर माणूस उभा राहू दिला नाही. खालच्या पुलीवर चकचकीत पट्टी चिकटवली आणि हातातलं टॅकोमीटर तिच्यावर धरलं. मला सांगितलं, ब्रेक दोन्ही पायांनी दाब, वरचा गिअर टाक, पुढं घे आणि रेस पूर्ण दे. दहा सेकंदांच्या वर नाही, नाहीतर तेल करपतं. मशीन थरथरत जागच्या जागी उभी, इंजिन कन्व्हर्टरच्या तेलाला घुसळतंय, आणि आकडा एका जागी थांबला. "सोड, न्यूट्रल कर, इंजिन बंद करू नको, तेल थंड होऊ दे." पुस्तकात आमच्या मशीनसाठी जो आकडा होता त्याच्यापेक्षा आमचा दोनशेच्या वर जास्त.

मग म्हणाले, "आकडा कमी आला असता तर इंजिन थकलंय किंवा स्टेटर सुटलाय. जास्त आलाय, म्हणजे गिअरबॉक्सच्या प्लेटा सटकतात, तेल कमी आहे, नाहीतर कन्व्हर्टर दुसऱ्याच मशीनचा आहे. प्लेटा सटकत असत्या तर मुरुमात ही अशी ओढली नसती. तेल पूर्ण आहे. उरलं काय?" बाहेरून हुबेहूब, पण आतल्या पात्यांचे कोन वेगळे. मोकळ्या जातीचा कन्व्हर्टर इंजिनाला वर चढू देतो, म्हणून ढिगात जोर आणि हायड्रोलिक चपळ. पण रस्त्यावर तो पुरता धरतच नाही, सारखा घसरतो; घसरण म्हणजे उष्णता, आणि ती उष्णता डिझेलमधूनच येते. चोर टाकीत नव्हता, डब्यात होता.

हे अमेरिकेतल्या पोरांना पाठ असतं, असं नंतर कळलं. माझा भाचा मोबाइलवर त्यांच्या त्या दणकट इंजिनाच्या जुन्या गाड्या बघतो, ज्या पाव मैलाच्या सरळ पट्टीवर शर्यत लावतात आणि त्याच गाडीनं दुसऱ्या दिवशी बाजाराला जातात. त्यांचंही भांडण हेच. मोकळा बसवला तर पट्टीवर गाडी उसळते आणि रस्त्यावर तापते. घट्ट बसवला तर उलट. ते लोक गाडीचं वजन, इंजिनाचा पीळ कोणत्या आरपीएमला येतो, मागचा गिअर, टायर हे सगळं सांगून मग कन्व्हर्टर मागवतात. आम्ही टेप लावतो.

तेव्हा कोणी विचारलं तर मी एवढं सांगतो. नंबर घासलेला माल हातात घेऊ नका, फुकट दिला तरी. मशीनचं मॉडेल आणि इंजिन सांगून नंबर आधी काढा. जुना कन्व्हर्टर फुटून गेला असेल तर कूलर आणि नळ्यांतला लोखंडाचा चुरा धुऊन काढा, नाहीतर नवाही त्याच वाटेनं जातो. बसवताना तो पंपाच्या खाचेत पूर्ण आत गेला पाहिजे. बोल्टनं ओढून बसवणारा मिस्त्री पंपाचे कान मोडतो आणि मग म्हणतो पार्ट खराब होता. आणि स्टॉल टेस्ट करा, दुकानदाराच्या माणसासमोर. एवढं सांगितल्यावर लोक मान डोलावतात आणि जाऊन स्वस्तातला आणतात. आणू देत.

दुकानदार फोनवर म्हणाला, "माल बसला ना? चालला ना? मग?" एक वकील ओळखीचे होते. ते म्हणाले, ग्राहक आयोगात जाता येतं, पण मशीन धंद्याची असली की समोरचा आधी हाच मुद्दा काढणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायदा सूट देतो; पगारी ऑपरेटर ठेवला की वाद वाढतो. म्हणजे तिथंही मी आडवा आलो. मालकांनी नाद सोडला, कर्ज काढलं आणि नंबर जुळवून नवा कन्व्हर्टर आणला.

डिझेल जागेवर आलं. तुऱ्हाटी एक दिवस दिसेनाशी झाली. कापलेले पैसे मालकांनी परत दिले नाहीत, चूक झाली असंही म्हणाले नाहीत. दिवाळीला मात्र पाकीट जाड होतं. मी मोजलं, कापलेल्यापेक्षा थोडं जास्तच निघालं. घ्यावं की फेकावं, हा विचार मी घराच्या दारापर्यंत केला आणि घेतलं.

पण आता अडचण अशी की नव्या कन्व्हर्टरवर मुरूम जड जातो. रस्त्यावर मशीन शहाण्यासारखी पळते, तापत नाही. ढिगात मात्र इंजिन दबतं, बकेट वर यायला वेळ लावतं, मला लिव्हर मागं-पुढं करत बसावं लागतं. शेतकरी म्हणतात, पहिल्यासारखं काम नाही राहिलं तुझं. उन्हाळ्याच्या तोंडावर मी मालकांना सुचवलं, शेततळ्यांच्या हंगामापुरता तो नंबर घासलेला चढवायचा का? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो त्यांनी दुसऱ्या तालुक्यात विकून टाकला होता. काय सांगून विकला ते मी विचारलं नाही.

काही दिवसांनी तिकडच्या ऑपरेटरचा फोन आला. नंबर त्याला मालकांकडूनच मिळाला होता. मी मनात सगळं जुळवून बसलो होतो, रस्ता, दिवा, डिझेल, स्टॉल टेस्ट, आणि सीटमागं काडी दिसली तर काय समजायचं तेही. म्हटलं, "तापते ना?"

"नाई बा," तो म्हणाला. "आपली मशीन खडी क्रशरवरच असते. दोन वर्स झाले, गेटच्या बाहेर नाई निंगाली. मी याच्यासाठी फोन केला का, असा अजून एखादा भेटन का? दुसऱ्या मशीनले टाकाचा हाय."