स्पीकर का फरफरला?

आमच्या शाळेत संगणकाला दोन छोटे स्पीकर आहेत. ते कसे बोलतात हे मी शिकलो. पण त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो.

मधल्या सुट्टीत मी एका स्पीकरची जाळी काढली आणि आतला काळा कागद बोटाने दाबला. तो फाटला. मी जाळी गुपचूप बसवली. दुसऱ्या दिवशी कविता लावताच स्पीकर फरफरू लागला. संगणक लावायचे काम माझ्या मित्राकडे असते. गुरुजी त्यालाच रागावले. तो रडला. मी मान खाली घालून बसलो.

रविवारी गंगाखेडला मामाकडे गेलो. मामा मंडपवाले आहेत. त्यांना सारे सांगितले. त्यांनी एक जुना स्पीकर उघडला. मागे लोहचुंबक, त्यात तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटलेला कागदी पडदा. मामांनी तारांना दीड व्होल्टचा सेल टेकवला. खट्ट आवाज झाला, पडदा पुढे आला. सेल उलटा धरला, पडदा मागे गेला!

मामा म्हणाले, "वीज आली की वेटोळ्याचं चुंबक होतंय. मागचं चुंबक त्याला कधी ओढतंय, कधी ढकलतंय. पडदा हलला की हवा हलती. त्योच आवाज. गाणं लागलं की सेकंदाला शेकडो बार हलतोय बघ."

असा स्पीकर १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी तयार केला. आता त्याचे बरेच प्रकार आहेत. सप्ताहाच्या कर्ण्यात पडदा लहान असतो, पण भोंग्यामुळे आवाज लांब जातो. ढोलासारख्या जाड आवाजाला मोठा पडदा लागतो, तो वूफर. टाळासारख्या बारीक आवाजाला लहान पडदा पुरतो, तो ट्वीटर. संगणकाकडून येणारी वीज फार थोडी असते, म्हणून त्याच्या स्पीकरच्या डब्यात ती वाढवणारा अँप्लिफायर बसवलेला असतो.

निघताना मामांनी पातळ कागद दिला. म्हणाले, "डिंकानं चिकटव. पर आधी गुरुजींला सांग."

सोमवारी मी सर्वांसमोर सांगितले. गुरुजींनी पडदा मलाच चिकटवायला लावला. आता आवाज साफ येतो. मित्र दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "त्यो सेल लावून मला बी दाखव की!"

हे मुद्दाम भित्तिपत्रकात लिहिले आहे. चूक त्याची नव्हती, हे शाळेत येणाऱ्या त्याच्या आईवडिलांनाही कळावे.