चष्मा गेला, फाइल कुठे गेली?

चष्मा घालवायला येणारी तरुण मंडळी मला हमखास दोन प्रश्न विचारतात. दुखेल का? आणि सोमवारी ऑफिसला जाता येईल का? थेंब टाकून डोळा बधिर करतात, त्यामुळे फारसं दुखत नाही. ऑफिसचं म्हणाल, तर बहुतेकांना दोन-तीन दिवसांत जाता येतं. पण तीस वर्षं मोतीबिंदू आणि लेसिक दोन्ही केल्यावर मला वाटतं, खरा प्रश्न तिसराच आहे: साठीला या डोळ्याचं काय?

मोतीबिंदूचा पेशंट बिघडलेला डोळा घेऊन येतो. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिली कृत्रिम लेन्स डोळ्यात बसवली. मी शिकत होतो तेव्हाही मोठा छेद आणि वर टाके असायचे. आता तीन मिलिमीटरहून छोट्या छेदातून गढूळ भिंग काढून घडीची लेन्स आत उलगडतात. पट्टी निघाली की आजी आधी नातवाचं तोंड बघतात, मग घरातली धूळ!

लेसिकचं उलटं. डोळा धडधाकट, चष्म्यातून सगळं लख्ख. अशा डोळ्याला हात लावायचा, तर डॉक्टरला 'नको' म्हणता आलं पाहिजे. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. लेसर त्यातलाच थोडा भाग काढतो. मायनस नंबर जितका मोठा, तितकी जाडी जास्त खर्ची पडते. पडदा मुळात पातळ किंवा वेडावाकडा असेल, तर पुढे तो फुगून नजर कायमची बिघडू शकते. म्हणून आधी टोपोग्राफी करतात. त्यात शंका आली, की मी सरळ हात जोडतो. काहीजण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत!

आता तो तिसरा प्रश्न. लेसिकमुळे मोतीबिंदू टळत नाही. तो झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या गोलाईवरून काढतात. लेसरने नेमकी तीच बदललेली असते, त्यामुळे नेहमीचं सूत्र चुकतं आणि ऑपरेशन छान होऊनही चष्मा लागू शकतो. खास सूत्रं आहेत, पण जुने आकडे असले की हिशेब पक्का होतो. २०००च्या आसपास चष्मा घालवलेले आता मोतीबिंदू घेऊन येऊ लागलेत. 'जुनी फाइल?' 'घर बदलताना गेली, डॉक्टर.'

तेव्हा नंबर वर्षभर स्थिर राहू द्या. तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागणार, हेही धरून चाला. आणि ऑपरेशनच्या आधीचे-नंतरचे नंबर, टोपोग्राफी, सगळं स्कॅन करून स्वतःलाच मेल करा. लग्नाचे फोटो जपता ना? त्यांच्याच शेजारी ठेवा.