कोपऱ्यावरचं घर

संध्याकाळी साडेसातचा कॉल मी गच्चीवर बसून घ्यायचे. रोहिणखेडच्या आमच्या घरात मोबाइलला धड रेंज मिळते ती तिथेच, पाण्याच्या टाकीला टेकून. सप्टेंबर 2020 संपत आला होता. पलीकडे अमेरिकेत सकाळ असायची. एके दिवशी कामाचं बोलून झालं आणि विषय निघाला हॅलोविनचा. त्यांच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 21 सप्टेंबरला त्या सणासाठी सूचना काढल्या होत्या. घरच्या घरी भोपळा कोरणं कमी धोक्याचं. अंगणाच्या कडेला वेगवेगळ्या बांधलेल्या पुड्या ठेवायच्या आणि मुलांनी लांबूनच उचलून न्यायच्या, हे मध्यम धोक्याचं. नेहमीसारखं दारोदार फिरून खाऊ मागणं सगळ्यात धोक्याचं. टीममधला एक जण तर जिन्याच्या कठड्याला पाइप बांधून त्यातून चॉकलेटं घरंगळत सोडायच्या तयारीत होता. त्याच्या दोन मुली होत्या. "मार्चपासून त्यांचं सगळं रद्दच होतंय, एवढं एक तरी व्हावं," असं तो म्हणाला.

मला आधी हसू आलं. सणाला धोक्याच्या तीन पायऱ्या! मग कॉल संपवून खाली आले, तर ओट्यावर बसलेली आजी तोच प्रश्न विचारत होती.

"औंदा पोरी येतीन का नाई वं?"

पोरी म्हणजे भुलाबाईच्या पोरी. ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, मातीच्या मूर्तींच्या रूपाने माहेरपणाला येतात आणि कोजागिरीपर्यंत राहतात. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. संध्याकाळी मुली एकेका घरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा वाजवते आणि आत काय खाऊ आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखलं की वाटप, आणि मग पुढचं घर. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला याच घराण्यातला. खानदेशात हिलाच गुलाबाई म्हणतात. मोताळा तालुका वऱ्हाड आणि खानदेशाच्या सीमेवर, त्यामुळे आमच्या घरातही दोन नावं: आजीची भुलाबाई, आणि जामनेरकडून आलेल्या आईची गुलाबाई.

त्या वर्षी आश्विन अधिक आला होता. त्यामुळे भुलाबाई महिन्याऐवजी दोन महिने मुक्कामाला होती, पण तिच्यापुढे गाणी म्हणायला कोणी नव्हतं. बाजार धड भरत नसल्याने आजीने शेतातल्या काळ्या मातीचीच जोडी केली होती. रोज संध्याकाळी ती एकटीच दिवा लावून बसायची. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, त्यात साखरेची. तिला जपायला म्हणूनच मी पुण्यात न राहता गावी थांबले होते. आणि तिला हव्या होत्या अंगणभर पोरी.

मग मी इंजिनिअर करतात तेच केलं. वाचायला बसले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात एक गायनवृंद आहे. 10 मार्च 2020 ला त्यांची तालीम झाली. 61 जण आले होते. त्यातला एक जण आजारी होता. तपासणीत खात्री झालेले आणि संशयित धरून 53 जणांना लागण झाली, दोघांचा मृत्यू झाला. अडीच तास, बंद खोलीत, शेजारी शेजारी बसून गाणं. म्हणजे आमच्या सणात खरा धोका खाऊचा नव्हताच, गाण्याचा होता. भुलाबाईपुढे पोरी दाटीवाटीने बसतात आणि जिचा आवाज मोठा तिचा मान मोठा.

त्यावर उपाय होते. घरात कोणी जायचं नाही, सगळं अंगणात. मूर्ती दारात आणून ठेवायची. प्रत्येक मुलीसाठी चुन्याचं एक वर्तुळ. सगळ्यांना मास्क. एका घरी दोनच गाणी, तीही हळू आवाजात. बाकी टिपऱ्या. घरातली म्हातारी माणसं उंबऱ्याच्या आत, लांब. खाऊ पुड्यांत बांधलेला, आणि खायचा तो आपल्या घरी, हात धुऊन. हे सगळं फक्त एका दिवशी, कोजागिरीला, दिवस मावळायच्या आत सुरू करून. मी मोबाइलवर तक्ता केला: घर, वेळ, किती पुड्या. गल्लीतली नऊ घरं आणि आठ मुली.

गल्लीत घरं मात्र दहा आहेत.

दहावं घर कोपऱ्यावरचं. तिथले काका भाजीपाल्याचा टेम्पो चालवतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते पॉझिटिव्ह निघाले. रुग्णवाहिका आली तेव्हा सगळी गल्ली आपापल्या गच्च्यांवर उभी होती. मीही होते. काका एक पिशवी घेऊन चालत गाडीत बसले. त्यांनी वर पाहिलं नाही. काकू आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी चौदा दिवस घरात. घरापुढे बांबू बांधले. आजीने त्या दिवसांत मला रोज डबा घेऊन पाठवलं. मी तो ओट्याच्या टोकाला ठेवायचे, हाक मारायचे आणि काकू दार उघडायच्या आत परत फिरायचे. काका बरे होऊन आले, बांबू निघाले, पण त्यांच्या ओट्यावर कोणी टेकेना. मुलगी दारात बसून रस्त्याकडे बघत राहायची.

कोजागिरीच्या चार दिवस आधी मी मुलींना अंगणात बोलावून सगळं समजावलं. त्यांची म्होरकी अकरा वर्षांची. तिने माझा फोन हातात घेतला, यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ताई, कोपऱ्यावरचं घर राह्यलं."

"औंदा राहू दे. पुढच्या वर्षी जाऊ."

"कामून?"

"काकांना झाला होता ना."

"पण ते तं बरे झाले. आशाताई त्यायच्या ओट्यावर बसून लिहत होती, म्या पाह्यलं."

ते मीही पाहिलं होतं. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशाताई हातात तापमापक आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरत होत्या. त्यांच्या यादीतून कुठलंच घर सुटत नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात ती सहज म्हणाली, "तू पुण्याहून आली ना, तवा आमाले तुह्या घराकडंबी जाऊ देत नोते."

मे महिन्यात मी आले तेव्हा चौदा दिवस गावच्या शाळेत होते, जिच्या भिंतीवरचे पाढे मी लहानपणी घोकले होते. त्यानंतर आठ-दहा दिवस आमच्या दारावरून जाताना बायका पदर नाकाला लावायच्या. याचा मला किती राग आला होता! पुण्यातल्या मैत्रिणींना फोन करकरून मी गावाच्या अडाणीपणाबद्दल सांगितलं होतं.

रात्री मी तो तक्ता पुन्हा उघडला. चुन्याच्या वर्तुळापासून पुड्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं. कोपऱ्यावरच्या घराला कारण नव्हतं. केंद्राच्या मे महिन्यातल्या नियमानुसार सौम्य लक्षणांच्या रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, घरी सोडत होते, आणि पुढे सात दिवस घरातच राहायला सांगत होते. काकांना येऊन महिना उलटून गेला होता. उलट आमच्या नऊ घरांत कोणाला लागण आहे आणि कोणाला नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या शास्त्रशुद्ध यादीत एकच गोष्ट नुसत्या भीतीपोटी आली होती, आणि ती बाकीच्या नियमांच्या रांगेत इतकी नीट बसली होती की मला स्वतःला दिसली नाही. कोडमध्ये अशी विनाकारण अट कोणी लिहिली असती तर मी ती एका मिनिटात काढायला लावली असती.

मी दहावं घर घातलं आणि सगळ्या घरी जाऊन तसं सांगितलं. सात घरं "बरं" म्हणाली. एका घरच्या वहिनी मात्र गप्प झाल्या. त्यांच्या दोन मुली येणार होत्या आणि घरात दम्याचे सासरे होते. मी नियम सांगितले, दहा दिवस, सात दिवस, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं बरं आहे, ताई. तुमचा पगार घरबसल्या येतो, काही झालं तर तुम्ही अकोल्याला, औरंगाबादला नेऊ शकता. आमी कुठं नेऊ?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची भीती माझ्यासारखी फुकटची नव्हती. मी म्हणाले, "नका पाठवू. पुड्या घरी देऊ."

30 ऑक्टोबरला, शुक्रवारी, कोजागिरीच्या संध्याकाळी भुलाबाई निघाली ती सहा मुलींची. कोपऱ्यावरची मुलगी धरून सात.

पहिल्याच घरी माझी योजना फसली. दोन गाणी झाली, दारातून डबा वाजवायची वेळ आली, आणि डबा वाजेचना. मी सगळा खाऊ कागदाच्या पुड्यांत घट्ट बांधायला लावला होता. डब्यातून नुसता धप्प धप्प आवाज. खारीक, फुटाणे की शंकरपाळे, काय ओळखणार? पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. वाजवून ओळखायचा खेळ, म्हणजे मुळातच हात न लावता लांबून खेळायचा खेळ, आणि मी सुरक्षिततेच्या नादात त्याचा आवाजच काढून घेतला होता. शेवटी आजीने उंबऱ्याच्या आतून तोडगा सांगितला: मूठभर खाऊ नुसता डब्यात टाका आणि तो वाजवा, पुड्या वेगळ्या वाटा. तेव्हापासून खेळ रंगला. मास्कमुळे वास येत नव्हता, म्हणून पोरी कान टवकारून डोळे मिटायच्या.

कोपऱ्यावरचं घर शेवटचं नव्हतं, मुद्दाम पहिलंही नव्हतं. रांगेत जिथे येतं तिथे आलं, सातवं. काकूंनी अंगण सारवून ठेवलं होतं. वर्तुळं आधीच काढलेली, माझ्यापेक्षा जास्त अंतरावर. काका आत भिंतीला टेकून बसले होते, बाहेर आलेच नाहीत. मुलीने टिपऱ्या इतक्या जोरात वाजवल्या की एक टिपरी मधोमध चिरली. काकूंनी डबा वाजवला. शेंगदाणे, हे पहिल्याच झटक्यात ओळखलं गेलं. "पन कायचे?" काकूंनी विचारलं. खारे, साखरेचे, गुळाचे, सगळं सांगून झालं. मसाल्याचे निघाले. पुड्या ओट्यावर ओळीने मांडून मागे सरकताना काकू मला हळूच म्हणाल्या, "मलेबी झाला असंन. अजून वास येत नाई, चवबी नाई. मीठ-मसाला अंदाजानं टाकला, बाई. गोड मानून घ्या."

समोरच्या गच्चीवर वहिनींच्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच टिपऱ्या धरल्या होत्या, आमच्यापेक्षा अर्धा ठोका मागे. परतताना कोपऱ्यावरच्या मुलीने त्यांच्या वाटच्या पुड्या त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवल्या आणि हाक मारली. दार उघडायची वाट न बघता ती परत फिरली. ते परत फिरणं मी ओळखलं.

रात्री कॉलला मला उशीर झाला. पलीकडे सगळे वेश करून बसले होते, कोणी चेटकीण, कोणी हाडांचा सापळा. त्या ऑक्टोबरमध्ये दोन पौर्णिमा होत्या, 1 तारखेची आणि 31 ची, म्हणून त्यांच्याकडे दुसऱ्या चंद्राचं फार कौतुक चाललं होतं. मी कॅमेरा फिरवून त्यांना आमचा चंद्र दाखवला आणि खाली मांडलेलं दूध. पाइपवाल्याने सांगितलं, पाइप तयार आहे, पण चॉकलेटं वळणावर अडकतात. मी त्याला आमच्या न वाजणाऱ्या डब्याची गोष्ट सांगितली.

पुढे कोणी आजारी पडलं का? त्या दोन-तीन आठवड्यांत तरी गल्लीत कोणी पडलं नाही. पण एवढ्यावरून माझा हिशेब बरोबर होता असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये विदर्भात रुग्ण पुन्हा वाढले, अमरावतीपाठोपाठ आमच्याकडेही निर्बंध आले, आणि तेव्हा मी स्वतः असा कार्यक्रम होऊ दिला नसता. वहिनी चुकल्या असंही मी म्हणणार नाही. सावध राहणं आणि वाळीत टाकणं यांच्यात एक रेघ आहे, आणि त्यांनी सावध राहताना ती ओलांडली नव्हती. मी ओलांडली होती, तक्ता करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने शेंगदाण्यांची पुडी सोडली. एक दाणा तोंडात टाकला, डोळे बारीक केले.

"लय खारट झाले," ती म्हणाली, आणि पुडी माझ्यापुढे सरकवली. "खाय."

मी सगळे खाल्ले. समोरच्या पायरीवरच्या पुड्याही तोवर गेल्या होत्या. कोणी नेल्या ते मी पाहिलं नाही.