थेटर प्रिंट

आमच्या वडनेर भोलजीत टॉकीज होती असं मला आठवत नाही. सुरत-कोलकाता हायवे गावाला खेटून जातो. एका अंगाला मलकापूर, दुसऱ्या अंगाला नांदुरा. लहानपणी पिक्चर म्हणजे एसटीत बसून कुठंतरी जायची गोष्ट होती आणि ती वर्षातून एकदा, फार तर दोनदा व्हायची.

तरीही पिक्चर पाहिले नाहीत असं आमच्या वयाचं एकही पोरगं गावात सापडणार नाही. शाहरुख, सलमान, मकरंद अनासपुरे, साउथचे डब केलेले, सगळं पाहिलंय. तिकीट काढून किती पाहिले असं विचाराल, तर मला दोन हातांची बोटं पुरतील.

आम्ही पाहिले ते ‘थेटर प्रिंट’. कुणीतरी, कुठल्यातरी शहरात, अंधारात कॅमेरा लपवून पडद्यावरचं टिपलेलं. चित्र जरा तिरपं. मधूनच एखादं डोकं उठून बाहेर जायचं. विनोद झाला की तिथं बसलेली माणसं हसायची आणि ते हसूही आमच्या घरात ऐकू यायचं. मला वाटायचं, पिक्चरवालेच हसण्याचा आवाज टाकतात. पुढं पहिल्यांदा चांगली प्रिंट पाहिली, तेव्हा विनोदानंतर शांतता होती. मला ती विचित्र वाटली. थेटरात बसल्याचा माझा पहिला अनुभव तो. दुसऱ्यांच्या हसण्यात हसायचं, आपण मात्र तिथं नसायचं.

*

अकरावी-बारावीत असताना मी एका नातेवाइकाच्या मोबाईलच्या दुकानात बसायचो. रिचार्ज, कव्हर, चार्जर हे नावाला. खरं गिऱ्हाईक यायचं मेमरी कार्ड घेऊन. बाहेर पाटी होती, ‘डाउनलोडिंग करून मिळेल’. चार जीबीचं कार्ड वीस रुपयांत भरून द्यायचो. त्यात चार-पाच पिक्चर, शंभरेक गाणी, थोडी भजनं, आणि कुणी हळू आवाजात मागितलं तर आणखी काही. कापूस वेचून आलेल्या बाया कार्ड पदराच्या गाठीतून काढायच्या. ट्रक ड्रायव्हर चहा पिईपर्यंत भरून मागायचे. मला कुणी चोर म्हटलं नाही, मलाही तसं वाटलं नाही. मी लोकांना करमणूक पुरवत होतो.

2016 च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला आणि दुकानासमोर रांग लागली. तो टॉकीजमध्ये धो-धो चालला होता, गाड्या करून लोक पाहायला जात होते, आणि त्याच वेळी त्याची कॉपी आमच्या कॉम्प्युटरवरून कार्डात उतरत होती. तिकीट काढून पाहून आलेलेसुद्धा पुन्हा पाहायला कार्ड भरून घेत होते. त्याच वर्षी जूनमध्ये ‘उडता पंजाब’ रिलीजच्या आधीच इंटरनेटवर आला. त्याच्यावर ‘फॉर सेन्सॉर’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे ही गळती काही आमच्यासारख्या दुकानातून सुरू होत नव्हती. कुठंतरी वर, आतल्या माणसांच्या हातून नळ सुटायचा आणि आम्ही खाली बादली लावून बसलेलो.

त्या सप्टेंबरात जिओ आलं. काही महिन्यांत मेमरी कार्ड भरून घ्यायला कुणी येईना. प्रत्येकाच्या खिशातच दुकान आलं. मग लिंका आल्या, ग्रुप आले. आता शुक्रवारी लागलेला पिक्चर रविवारपर्यंत हातात असतो, आणि चित्राच्या कोपऱ्यात सट्ट्याच्या एखाद्या अ‍ॅपची जाहिरात चिकटवलेली असते. आमच्या वीस रुपयांत निदान नफा कुणाचा ते दिसायचं. आता पिक्चर फुकट असतो, आणि त्या जाहिरातीवर बोट ठेवून पैसे घालवलेली पोरं मला नावानिशी माहीत आहेत.

कायदा आहेच. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली. थेटरात चोरून रेकॉर्डिंग केलं किंवा अशी कॉपी पसरवली तर कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. दंड तीन लाखांपासून, तर पिक्चरच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. डिजिटल प्रिंटमध्ये डोळ्यांना न दिसणारी खूणही असते. चोरलेली कॉपी सापडली तर ती कोणत्या थेटरातून, कोणत्या वेळी उचलली हे तिच्यावरून शोधता येतं. हे सगळं मी नंतर वाचलं. तोवर ग्रुपवर शेकडो पिक्चर पुढं ढकलून झाले होते.

*

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा माझ्याबरोबर दहावीपर्यंत एका बाकावर होता. तो पुण्याला गेला. आधी लग्नाच्या शूटिंगमध्ये केबल गुंडाळायचा, मग सिरियलमध्ये, मग पिक्चरच्या साउंडमध्ये लागला. लांब काठीला माइक बांधून नटांच्या डोक्यावर धरतात ना, ते काम. हात भरून येतात, पण काठी हलली की शॉट गेला. हे तो दिवाळीला आला की अंगणातला बांबू धरून आम्हाला करून दाखवायचा.

2024 च्या मे महिन्यात त्याचा पहिला मोठा पिक्चर लागला. मराठी, बिनस्टारचा. नाव लिहीत नाही, कारण त्याचं नाव लगेच शोधता येईल. त्यानं फोन केला, “शेवटी नावं येतात ना, त्यात माह्यं नाव आहे. मायले दाखवशीन.”

मी शोधलं. मलकापुरात नाही, नांदुऱ्यात नाही, खामगावात नाही. अकोल्याला एका मल्टिप्लेक्समध्ये दिवसाला एकच खेळ, सकाळी पावणेदहाला. 2015 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सनी मराठी पिक्चर प्राइम टाइमला दाखवावा असं जाहीर केलं होतं. गदारोळ झाला आणि ते दुपारी बारा ते रात्री नऊवर आलं. पण जिथं मल्टिप्लेक्सच नाही तिथं कसला प्राइम टाइम? आणि जिथं आहे तिथं आमच्या मित्राच्या वाट्याला सकाळची पावणेदहाची वेळ.

रविवारी ग्रुपवर लिंक आली. थेटर प्रिंट. मी विचार केला नाही असं नाही, पण फार केला नाही. पेन ड्राइव्हवर घेतला आणि संध्याकाळी काकूंच्या टीव्हीला लावला. गल्ली जमली. लाह्या झाल्या, चहा झाला. काकू सगळ्यात पुढं, भिंतीला टेकून. नट दिसला की त्या पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहायच्या. तिथं कुठंतरी काठी धरलेला लेक असणार म्हणून.

पिक्चर संपला. शेवटचा शॉट काळा झाला आणि टीव्हीवर फायलींची यादी आली. ज्यानं चोरून टिपलं होतं, त्यानं नावं सुरू व्हायच्या आधीच कॅमेरा बंद केला होता. त्याला नावांशी काय करायचं?

“संपला काय?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“मंग त्याचं नाव कुठी आहे?”

मी फाईल मागं घेतली, पुढं नेली. लोक चपला शोधत उठले. कुणीतरी म्हणालं, काढून टाकलं असन नाव, हे पुण्या-मुंबईवाले असेच करतात. मला खरं काय ते सांगता आलं असतं. मी गप्प बसलो.

रात्री त्याचा फोन आला. “पायला काय? कसा वाटला?”

“भारी.”

“विहिरीच्या सीनमधी आवाज आला काय नीट? दोन रात्री बसलो होतो बे त्या पाण्याच्या आवाजासाठी.”

विहिरीच्या सीनमध्ये मला कुणाचातरी खोकला ऐकू आला होता, आणि बाकी सगळं पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं. मी म्हटलं, “आला की.”

कुठं पाहिला हे त्यानं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं, असं मला आजही वाटतं.

*

बुधवारी मी, आई आणि काकू पहाटेच्या एसटीनं अकोल्याला निघालो. गुरुवारी उतरणार होता, म्हणजे तो शेवटून दुसरा दिवस. हिशेब माझ्या डोक्यात अजून आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट, म्हणून तिघांचं जाऊन-येऊन साडेपाचशेच्या आत बसलं. पिक्चरला अर्धं तिकीट नसतं. 180 गुणिले तीन, 540. तेव्हा शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी होता आणि आजही तोच आहे. म्हणजे एका तिकिटात साधारण 27 रुपये कर. शंभर आणि त्याखालच्या तिकिटावर तेव्हा 12 टक्के होता, 2025 च्या सप्टेंबरात तो 5 टक्के झाला. पण अकोल्यात शंभराच्या आत तिकीट मिळालं तर ना! आईनं डब्यात पोळी-भाजी घेतली होती, ती दारावर ठेवून घेतली. बाहेरचं खाणं अडवायचा थेटरवाल्यांना हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं 2023 च्या जानेवारीत सांगितलं. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायचं. आत तीन मिळून एक पॉपकॉर्न घेतला. सगळे मिळून चौदाशेच्या घरात गेले. त्या वर्षी रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला 297 रुपये होती. जवळपास पाच दिवसांची मजुरी, एका नावासाठी.

पैसे हा प्रश्न नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना 23 सप्टेंबर 2022 आठवत असेल. त्या दिवशी राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून देशभर तिकीट 75 रुपये केलं होतं आणि एका दिवसात 65 लाखांच्या आसपास लोक थेटरात गेल्याच्या बातम्या आल्या. लोकांना फुकटच हवं असतं हे काही खरं नाही. पण 75 रुपये झाले तरी वडनेरहून अकोला तेवढंच लांब राहतं, हेही तितकंच खरं.

आत आम्ही धरून अकराजण होतो. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हातून आत आल्यावर एसीनं काकू काकडल्या, त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. पिक्चर आम्ही पाहिलेलाच होता, पण मला तो नवा वाटला. पात्रं कुजबुजत होती ते कळत होतं. लांब कुठं टिटवी ओरडत होती. विहिरीचा सीन आला. आधी नुसता अंधार, मग खोल कुठंतरी थेंब पडला, मग आणखी एक. काकूंनी झटकन मान वळवली.

“बाई, पान्याचा आवाज तं आपल्या मांगून येऊन राह्यला.”

मग नावं सुरू झाली आणि त्याच क्षणी दिवे लागले. पुढच्या रांगेतले उठून पडद्याच्या आड उभे राहिले. दार उघडलं, झाडूवाला आत आला. नावं बारीक आणि भराभर वर जाणारी. काकूंना अक्षर जोडून वाचावं लागतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी मोबाईल काढून पडद्यावर धरला. म्हटलं, फोटो घेऊ, मोठा करून दाखवू.

“ओ भाऊ, मोबाईल खाली घ्या. रेकॉर्डिंग चालत नाही.”

दारातला पोरगा होता, माझ्याहून लहान. त्याचं बरोबर होतं. शेकडो पिक्चर वाटले तेव्हा मला कुणी हटकलं नव्हतं. मी मोबाईल खाली घेतला. काकू त्या पोराकडे पाहत होत्या, मी त्याला काहीतरी सांगत होतो, आणि तेवढ्यात वर साउंडची नावं निघून गेली. मला तिसऱ्या ओळीत दिसलं.

“गेलं काय?” काकूंनी विचारलं.

“हो. आत्ताच गेलं. होतं.”

*

त्यानंतर मी सुधारलो असं लिहिलं तर खोटं होईल. मोठे पिक्चर अजूनही कधी कधी मोबाईलवर पाहतो. अकोल्याचा हिशेब दर शुक्रवारी करणं मला परवडत नाही, आणि आमच्या भागात लवकर टॉकीज येईल असंही दिसत नाही. पण ‘आमच्याकडे थेटर नाही, म्हणून’ हे वाक्य आता मला पहिल्यासारखं निर्धास्त म्हणता येत नाही. स्टारच्या पिक्चरला आमच्या ग्रुपनं काही होत नाही. ज्याला अकोल्यात एकच खेळ मिळतो, त्याला होतं. तिथं अकराच्या जागी तीस लोक असते, तर कदाचित तो आणखी एक आठवडा टिकला असता. आमच्या गल्लीत त्या रविवारी तिसाहून जास्त होते. त्यातले सगळे काही अकोल्याला गेले नसते, हे मला कळतं. एकही जाऊ नये, याची सोय मात्र मी केली होती. मित्राला शेवटचे पैसे तेव्हा मिळायचे होते. पुढं ते मिळाले, उशिरा. त्या निर्मात्यानं दुसरा पिक्चर अजून काढलेला नाही.

बिनस्टारच्या मराठी पिक्चरची लिंक आली की मी ती पुढं पाठवत नाही. एवढंच. ग्रुपवर मला ‘सेन्सॉर बोर्ड’ म्हणतात.

त्या दिवशी परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. नांदुऱ्याचा मोठा हनुमान मागं गेला, तेव्हा बाजूच्या बाईनं विचारलं, अकोल्याले कायले गेलत्या? काकू म्हणाल्या, “पोराचं नाव पायाले.” दिसलं काय, असं तिनं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. मी बाहेर पाहत राहिलो.

रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. काकूंनी नावाचं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, “काऊन रे, तो पान्याचा आवाज तू केला काय? मांगून आला ना तो.” पलीकडं तो बराच वेळ काही बोलला नाही. काकूंना वाटलं रेंज गेली. त्या मोबाईल हातात धरून अंगणात आल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.