आर्सच्या फादरांचा जमाखर्च

१८५२ सालच्या ऑक्टोबरमध्ये बेलीचे बिशप शालांदों फ्रान्समधल्या आर्स गावी आले. पवित्र पाणी घेऊन गावचे फादर चर्चच्या दारात स्वागताला उभे होते. ते पुढे झाले, तोच बिशपनी लपवून आणलेली रेशमी केप काढून त्यांच्या खांद्यांवर चढवली. कॅनन या मानाच्या पदाची ती खूण. फादर नको नको म्हणत राहिले, पण ऐकतो कोण! त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाला कुठली तरी शिक्षा सुनावली आहे. पुढे थोड्याच दिवसांत त्यांनी ती केप गावातल्या रिकोतिए नावाच्या बाईंना पन्नास फ्रँकना विकली आणि तसं बिशपनाच पत्राने कळवलं. केप मिळाल्याचा फार आनंद झाला, एका धर्मकार्याच्या निधीत पन्नास फ्रँक कमी पडत होते, ते तिच्यामुळे भरून निघाले, असा त्या पत्राचा आशय होता.

या फादरांविषयी, म्हणजे ज्याँ-मारी व्हियाने यांच्याविषयी, भाविक पुस्तकं भरपूर आहेत. त्यांत ते बहुतेक गुडघ्यांवर असतात, डोळे वर लागलेले, गालफडं बसलेली. वसईकडचे ख्रिस्ती त्यांना संत जॉन व्हियानी म्हणून ओळखतात. ४ ऑगस्ट हा त्यांचा सण, आणि त्या निमित्ताने चर्चमध्ये आपापल्या फादरांना फुलं देऊन शुभेच्छा देण्याचीही पद्धत आहे, कारण जगभरच्या धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत. पण पुस्तकांतल्या या चित्रात एक गोष्ट हरवते. हा माणूस आयुष्यभर पैशांच्या व्यवहारात बुडालेला होता. आलेला पैसा रात्रभरही अंगाशी राहू नये, एवढीच त्यांची खटपट असे. आणि ती खटपट त्यांनी एखाद्या पक्क्या व्यापाऱ्याच्या चिकाटीने केली.

जन्म १७८६चा, लियाँजवळच्या दार्दिली गावच्या शेतकरी घरातला. या घराचं दार भिकाऱ्यांना उघडं असे. १७७० मध्ये, म्हणजे आजोबांच्या काळात, बेनुआ लाब्र नावाचा एक फाटका यात्रेकरू तिथे रात्रीपुरता उतरला होता. पुढे चर्चने त्यालाही संत ठरवलं. ज्याँ-मारी मेंढ्या राखण्याच्या वयाचा झाला तेव्हा फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटलेली होती. नव्या राजवटीची शपथ न घेणारे धर्मगुरू सुतार, आचारी अशा वेषांत लपून फिरत. १७९९ मध्ये या मुलाचं पहिलं कम्युनियन झालं ते एक्युलीच्या एका घरात, खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या लावून, आतल्या मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून. धर्मगुरू होणं म्हणजे जिवाशी खेळ, हे त्याने असं लहानपणीच पाहिलं.

तारुण्यातली एक गोष्ट त्यांच्या भक्तांना थोडी अवघड जाते. हा संत लष्करी फरारी होता. १८०९ मध्ये नेपोलियनच्या स्पेनमधल्या युद्धासाठी त्यांना भरतीचं फर्मान आलं. वाटेत ते आजारी पडले, मग एका चर्चमध्ये प्रार्थना करत बसले असताना तुकडी पुढे निघून गेली, आणि भेटलेल्या एका अनोळखी माणसाने त्यांना तुकडीकडे न नेता डोंगरातल्या एका खेड्यात नेऊन सोडलं. तिथे एका विधवेच्या घरी ते खोट्या नावाने राहिले. मुलांना शिकवायचं, शेतावर राबायचं आणि शिपाई आले की गवताच्या गंजीत दडायचं. १८१० मध्ये सम्राटाच्या लग्नानिमित्त फरारींना माफी मिळाली. पण त्यांच्या ऐवजी धाकटा भाऊ सैन्यात गेला, आणि तो काही घरी परत आला नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्यात आपण कुणाचं तरी देणं लागतो अशी जी एक धार दिसते, तिचं मूळ इथे असेल का? कागदावर तसा पुरावा नाही, पण चरित्र वाचताना ही शंका पाठ सोडत नाही.

अभ्यासाची कथा तशी सर्वांना ठाऊक आहे. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. सेमिनरीतून घरी पाठवलं, परीक्षेत बोबडी वळली. एक्युलीचे फादर बाले यांनी हट्टाने शिकवलं, वरिष्ठांकडे शब्द टाकला आणि १८१५च्या ऑगस्टमध्ये ग्रनोबलला दीक्षा झाली. तेव्हा व्हियाने एकोणतीस वर्षांचे होते.

अडीच वर्षांनी त्यांना आर्सला पाठवण्यात आलं. लियाँच्या उत्तरेला दोंब नावाचा तळ्यांचा, चिकणमातीचा, पावसाळ्यात चिखलाने भरणारा मुलूख आहे, तिथलं हे सव्वादोनशे-अडीचशे वस्तीचं गाव. चर्च छोटं, फादरांचं घर मात्र बरं सजवलेलं, कारण गावच्या गढीतल्या बाईसाहेबांनी आपलं फर्निचर तिथे ठेवलं होतं. व्हियाने यांनी ते बहुतेक परत पाठवलं. स्वतःची गादी देऊन टाकली आणि फळ्यांवर झोपू लागले. पातेलंभर बटाटे एकदाच उकडून ठेवायचे आणि आठवडाभर थंडच खायचे. शेवटी शेवटी त्यांना बुरशी धरे. फारच झालं तर आपल्या धिरड्यासारखी पिठाची पातळ पोळी भाजायची. शेजारची एक विधवा त्यांच्यासाठी ताजं काही करून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी ते एखाद्या भिकाऱ्याच्या पोटात गेलेलं कळे. पावाच्या बाबतीत तर त्यांचा उलटा बाजार होता. भिकाऱ्यांच्या झोळीतले कडक तुकडे ते स्वतःसाठी विकत घेत आणि त्यांना चांगला पांढरा पाव देत. घेणाऱ्याला उपकाराचं ओझं वाटू नये याची ती युक्ती होती.

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला, त्या भागात शेतांचे आणि घरांचे खंड भरण्याची मुदत असे. ज्यांच्याकडे पैसे नसत, अशा कितीतरी कुटुंबांचं भाडं फादर गुपचूप भरत. गरिबाला उपदेशाआधी छप्पर लागतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागलं नाही.

पण सगळंच गोड नव्हतं. दारूचे गुत्ते आणि रविवारचे नाच यांच्याशी या फादरांनी वर्षानुवर्षं उभा दावा मांडला. नाचायला जाणाऱ्या मुलींना ते पापक्षमा नाकारत. वाटेत भेटलेल्या वादकाला त्याच्या बिदागीपेक्षा जास्त पैसे देऊन त्यांनी परत पाठवल्याचीही गोष्ट सांगतात. गुत्ते हळूहळू बंद पडले, नाच थांबले. गुत्त्यांमुळे शेतमजुरांचे संसार बुडत होते, तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं समजू शकतं. पण आठवडाभर गोठ्यात आणि शेतात खपणाऱ्या पोरींनी रविवारी दोन घटका नाचायचंही नाही, हा कडकपणा दारिद्र्याशी लढणारा नव्हे, तर दरिद्री लोकांच्या वाट्याचा थोडासा आनंद काढून घेणारा होता. उतारवयात पापनिवेदनाच्या खोक्यात ते पुष्कळ मऊ झाले, असं त्यांना जवळून पाहणारे सांगतात.

त्यांचं खरं काम पाहायचं तर ‘ला प्रोव्हिडन्स’कडे यावं लागतं. १८२४ मध्ये त्यांनी चर्चजवळचं एक घर विकत घेऊन मुलींसाठी ही फुकट शाळा काढली. त्याआधी कातरीन लासान्य आणि बनवात लार्दे या गावातल्या दोन मुलींना शेजारच्या गावी सिस्टर्सकडे शिकायला पाठवलं होतं. शाळेत लवकरच अनाथ मुली येऊ लागल्या. रस्त्यावर सापडलेल्या, शेतावरून हाकलून दिलेल्या, कुणाच्याच नसलेल्या. पुढे ही संख्या साठीच्या आसपास गेली. फी नाही, नियमावली जेमतेम. मुली वाचायला शिकत, विणत, शिवत, कपडे धूत, घरातला पाव स्वतः भाजत आणि मोठ्या झाल्या की चांगल्या घरी कामाला लागत. एकदा माळ्यावरचं धान्य संपत आलं तेव्हा फादरांनी मुलींना प्रार्थना करायला सांगितलं आणि माळा भरलेला सापडला, असं त्या घरातल्या बायकांनी पुढे साक्षीत सांगितलं. त्यावर कुणी किती विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. एरवीचे दिवस मात्र फादरांनी दारोदार मागून, उसनं घेऊन आणि देणेकऱ्यांच्या तोंडावर हसून काढले, हे नक्की. रोज अकराच्या सुमारास ते या मुलींना धर्मशिक्षण देत. ते ऐकायला बाहेरचे लोक इतके दाटू लागले की वर्ग चर्चमध्ये न्यावा लागला. अडाणी शेतकरी, लियाँचे रेशीम कामगार आणि पॅरिसहून आलेले विद्वान अनाथ पोरींसाठी सांगितलेल्या गोष्टी ऐकत बसत.

नेमकं हेच घर त्यांच्या हातून गेलं. कातरीन आणि तिच्या साथीदारांकडे शिक्षिकेचं रीतसर प्रमाणपत्र नव्हतं, व्यवस्था घरगुती होती, आणि फादरांनंतर काय हा प्रश्न बिशपच्या कार्यालयाला सतावत होता. १८४७ मध्ये संस्था सेंट जोसेफच्या सिस्टर्सकडे सोपवावी लागली. सिस्टर्सनी ती नीट चालवली, हिशेब ठेवले, मात्र फुकटचं अनाथघर हे तिचं रूप उरलं नाही. यात देवाची इच्छा आहे असं बिशपना दिसतं, मला काही ती दिसत नाही, अशा अर्थाचं फादरांचं बोलणं नोंदलेलं आहे. वरिष्ठांच्या शब्दाबाहेर कधी न गेलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य भारी आहे. कार्यालयाचं म्हणणं चूक नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर साठ मुलींचं आयुष्य टांगून ठेवणं धोक्याचंच. तरीही ज्या मुलीला कुठलाच कागद नाही तिला कागदाशिवाय आत घेणारं एक दार त्यामुळे बंद झालं, हेही खरं.

तोवर आर्सचं रूप पालटलं होतं. १८३०च्या आसपासपासून पापनिवेदनासाठी लांबलांबून लोक येऊ लागले, आणि शेवटच्या वर्षी तर ही संख्या ऐंशी हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. लियाँच्या रेल्वे स्टेशनात आर्सच्या यात्रेकरूंसाठी आठ दिवस चालणारं परतीचं तिकीट देणारी वेगळी खिडकी होती. फादर मध्यरात्रीनंतर लवकरच चर्चमध्ये जात आणि उन्हाळ्यात सोळा-सोळा तास त्या अरुंद लाकडी खोक्यात बसत. शेजारपाजारच्या काही धर्मगुरूंना हे सहन होईना. हा अडाणी माणूस धर्मगुरूपदाला लायक नाही, अशी तक्रार सह्यांसाठी फिरू लागली. तो कागद चुकून आर्सला आला, तेव्हा व्हियाने यांनी त्यावर आपलीही सही ठोकून पुढे पाठवून दिला.

माणसांबरोबर पैसाही आला, आणि विक्रीचा धंदा तेजीत आला. फादर आपलं जुनं टेबल, खुर्ची, झिजलेला झगा आठवण म्हणून विकत. घेणारे बऱ्याचदा वस्तू वापरायला त्यांच्याकडेच ठेवत. म्हणजे स्वतःच्या घरात ते दुसऱ्यांच्या सामानावर राहत होते. हा पैसा गरिबांकडे आणि इतर खेड्यांत धर्मशिबिरं भरवण्याच्या निधीकडे वळे. दुकानांत त्यांची चित्रं दोन दोन सू, म्हणजे चिल्लर पैशांना, विकली जात. बघा माझी किंमत, म्हणून ते हसत. १८५५ मध्ये नेपोलियन तिसऱ्याने ‘लिजन ऑफ ऑनर’ दिला, तेव्हा यात गरिबांसाठी काही पेन्शन आहे का, असं त्यांनी विचारलं. पेन्शन नव्हतीच, उलट पदकापोटी बारा फ्रँक भरायचे होते. ते भरायला त्यांनी साफ नकार दिला. पदक तरीही आलं आणि सहायक फादर तोक्कानिए यांच्या खिशात गेलं.

आणि हाच माणूस आर्समधून पळून जाण्याची संधी शोधत असे. एकान्तात जाऊन आपल्या पापांसाठी रडावं, हे त्यांचं जुनं स्वप्न. १८४३ मध्ये मोठ्या आजारातून उठल्यावर ते दार्दिलीला भावाकडे निघून गेले, तर मागोमाग यात्रेकरू तिथे हजर. १८५३च्या सप्टेंबरात मध्यरात्री काठी आणि प्रार्थनापुस्तक घेऊन निघाले, पण बेत फुटला होता. तोक्कानिए यांनी हातातलं पुस्तकच काढून घेतलं, दुसरीकडे धोक्याची घंटा वाजू लागली. गावकरी कंदील घेऊन धावले, पाय धरले, वाट अडवली. पहाटेपूर्वी फादर पुन्हा खोक्यात बसलेले होते.

१८५९चा उन्हाळा फार कडक होता. जुलैअखेर त्यांनी अंथरूण धरलं आणि ४ ऑगस्टला पहाटे दोन वाजता त्र्याहत्तराव्या वर्षी ते गेले. आजारपणात त्यांनी सांगून ठेवलं होतं, आपल्याजवळ छत्तीस फ्रँक उरले आहेत, तेवढे डॉक्टरांना द्यावेत. देहाच्या वाटणीचा प्रश्न मात्र त्यांनी आधीच गुंतवून ठेवला होता. एका मृत्युपत्रात त्यांनी तो दार्दिलीच्या नावे केला होता, आणि आर्सवाल्यांनी तो कागद त्यांच्याकडून बदलून घेतला.